टवका भरला की परत निघतो: बिडाचा टब अन् इनॅमलचं सिंक यांचं कायमचं रडगाणं

कहाणी सगळीकडं सारखीच असते. टबाच्या नाहीतर सिंकच्या काठाला काहीतरी जड पडतं, टवका उडतो, काळा डाग दिसायला लागतो, मग हार्डवेअरमधून दोन कांड्यांची इपॉक्सी पुट्टी आणायची, मळून भरायची, वरून पांढरा टचअप मारायचा, पाहुणे येईपर्यंत एकदम झक्कास. अन् मग पावसाळा लागला की त्याच जागी बारीक तपकिरी रेघ, रेघेचा फुगवटा, अन् एके दिवशी घासताना अख्खा पॅच हातात. मग दुकानदार म्हणतो ही पुट्टी हलकी होती, ही घ्या भारीवाली. भारीवाली पण निघते. काही घरांत तर हे दरवर्षी चालू आहे, कुलरची ताटी बदलतात तसं टबाचा पॅच बदलून राहिले.

पुट्टी बदलून हे थांबत नाही, कारण पुट्टीचा दोष फार क्वचित असतो. पॅचखाली जे चाललेलं असतं त्याच्याकडं कोणी बघत नाही. म्हणून पहिलं काम, निघालेला तुकडा कचऱ्यात टाकू नका, उलटा करून उजेडात बघा. त्याची मागची बाजूच सांगते काय बिघडलं ते.

पण त्याच्याही आधी वस्तू खरंच इनॅमलची आहे का ते पक्कं करा. फ्रीजवरचं चुंबक काढून लावा. चिकटलं तर खाली लोखंड आहे, पत्रा किंवा बीड, म्हणजे ओतीव लोखंड. नाही चिकटलं अन् हाताला थंडगार लागतंय तर चिनी मातीचं असेल, बहुतेक वॉश बेसिन अन् कमोड तसेच असतात. नाही चिकटलं अन् टिचकी मारल्यावर पोकळ, प्लास्टिकसारखा आवाज आला तर अ‍ॅक्रिलिक किंवा फायबर. मातीच्या बेसिनला गंज चढतच नाही, त्यामुळं खाली गंजाबद्दल जे लिहिलंय ते त्याला लागू नाही, अन् अ‍ॅक्रिलिकवर थिनर लावलात तर वस्तूच मऊ होऊन खराब होईल. नागपुरात सिव्हिल लाइन्स, सदर, रेल्वेच्या जुन्या क्वार्टर्समध्ये जे जाडजूड, चार माणसांनी पण न उचलणारे टब अन् सिंक दिसतात ते बिडाचे. नवीन फ्लॅटमधला हलका टब, ज्यात उभं राहिलं की तळ किंचित दबतो, तो दाबलेल्या पत्र्याचा. दोघांचं दुखणं थोडं वेगळं आहे, पुढं येईल.

अन् अजून एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या. इनॅमल म्हणजे रंग नाही, काच आहे. काचेची पूड लोखंडावर घालून ८०० डिग्रीच्या आसपास भट्टीत वितळवून चिकटवलेली काच. ती घरी परत लावता येत नाही, कोणी कितीही म्हणो. आपण घरी लावतो ते इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे प्लास्टिकच्या जातीचं, अन् ते गुळगुळीत काचेवर स्वतःहून धरत नाही. त्याला धरायला खरखरीत, कोरडी, स्वच्छ जागा द्यावी लागते. जाहिरातीतला माणूस पाच मिनिटात टवका भरून दाखवतो, त्यात ही जागा तयार करायचा भाग कापलेला असतो.

आता तुकडा उलटा करा.

मागं तपकिरी पूड किंवा लालसर खपली दिसली तर गंज. सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं, म्हणून यावरच जास्त बोलतो. टवका उडतो तेव्हा लोखंड उघडं पडतं, पाणी लागतं, गंज सुरू होतो, अन् तो फक्त दिसणाऱ्या खड्ड्यात राहत नाही, आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या इनॅमलच्या खाली सरकत जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळं तो वरच्या काचेला खालून उचलतो. आपण वरच्यावर घासून खड्डा पांढरा केला, पुट्टी भरली, पण काठाखालचा गंज तसाच. पुट्टी गंजावर बसली, गंज लोखंडावरून सुटला, पॅच गेला. गंजाच्या खपलीवर लावलेली पुट्टी म्हणजे पोपडे आलेल्या भिंतीवर मारलेला डिस्टेंपर, तितकंच टिकतं.

हे तपासायला स्क्रू ड्रायव्हरचं प्लास्टिकचं मूठ घ्या अन् टवक्याच्या कडेकडेनं हलकं ठोका. घट्ट जागेवर आवाज टणक येतो, जिथं खालून सुटलंय तिथं भद्द. ती भद्द वाजणारी कड ठेवायची नाही. जीव तुटतो, कारण खड्डा अजून मोठा होतो, पण ती कड आज ना उद्या निघणारच आहे अन् निघताना पॅच घेऊन निघेल. बारीक छिन्नीनं किंवा जुन्या ड्रायव्हरच्या टोकानं सुटलेली काच उडवून टाका. इथं चष्मा लावाच, साधा नंबरचा नाही, बाजूनं बंद असलेला, कारण उडणारे तुकडे काचेचे असतात. टबाच्या पाणी जायच्या भोकात कापड कोंबा, नाहीतर ते तुकडे भोकाखालच्या वाकड्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, जाऊन बसतात अन् पुढच्या वेळी ट्रॅप साफ करणाऱ्याचा हात कापतो.

मग गंज. तारेचा ब्रश, ८० नंबरचा पॉलिश पेपर, मिनी ग्राइंडर असेल तर त्याचा छोटा दगड, जे असेल ते. थांबायचं कधी? खड्ड्यात लोखंड चकाकायला लागलं की. काळे ठिपके राहिले तर ते खोल गेलेले गंजाचे खड्डे, बिडात हे फार होतं कारण बीड थोडं सच्छिद्र असतं. त्या ठिपक्यांपुरतं रस्ट कन्व्हर्टर लावा, फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं. कान साफ करायच्या काडीनं, फक्त लोखंडावर. आजूबाजूच्या इनॅमलवर सांडलं तर लगेच पुसा, त्यानं इनॅमलची चमक जाते. बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ठेवा, गंज काळसर पडला की ओल्या फडक्यानं पुसा अन् मग ताबडतोब वाळवा. ताबडतोब म्हणजे खरंच ताबडतोब, हेअर ड्रायर हातात धरूनच. उघडं लोखंड पावसाळ्यात ओलं राहिलं तर बघता बघता परत पिवळं पडायला लागतं. लोक इथंच चुकतात, सकाळी घासून ठेवतात, दुपारी जेवून येतात अन् संध्याकाळी पुट्टी लावतात, तोवर नवीन गंज चढलेला. ज्या बैठकीत लोखंड चकाकवलं त्याच बैठकीत झाकायचं.

एक चांगली बातमी पण असते कधी कधी. टवक्यात नीट बघा, पत्र्याच्या वस्तूत पांढऱ्याखाली गडद निळा किंवा काळा थर असतो. तो इनॅमलचाच खालचा थर, पत्र्याला पकड मिळावी म्हणून कोबाल्टसारख्या धातूंची भस्मं घातलेला, म्हणून त्याला तसा रंग. तो थर शाबूत असेल तर टवका उथळ आहे, लोखंड उघडं पडलेलंच नाही. लोक तो काळा बघून गंज समजतात अन् घासून घासून तोच थर काढून टाकतात. नको. नखानं खरवडा, पूड निघाली तर गंज, गुळगुळीत लागलं तर राहू द्या, फक्त साफ करून भरा.

दुसरी शक्यता, तुकड्याची मागची बाजू एकदम स्वच्छ, पांढरी, गुळगुळीत, आरशासारखी, जणू साच्यातून काढलाय. म्हणजे गंज नाही, पकडच नव्हती. काचेवर प्लास्टिक टेकवलं होतं, चिकटवलं नव्हतं. यात तीन गुन्हेगार असतात अन् नागपुरात चौथा.

साबणाचा थर, दिसत नाही पण असतो. सिलिकॉन, म्हणजे टबाच्या अन् भिंतीच्या फटीत भरलेलं ते पांढरं रबर, त्याचा हात कुठं कुठं लागलेला असतो. हे एक नंबरचं बेकार. सिलिकॉनवर काहीही चिकटत नाही, वर रंग मारला की रंग गोल गोल छिद्रं पाडून बाजूला सरकतो. अ‍ॅसिटोननं ते विरघळत नाही, लोकांना वाटतं विरघळतं. ब्लेडनं खरवडून काढावं लागतं, उरलेलं सिलिकॉन रिमूव्हरनं, अन् मग पॉलिश पेपरनं. तिसरा, गाडीचं पॉलिश किंवा वॅक्स, बरेच जण टब चमकवायला हेच मारतात, त्यातही सिलिकॉन असू शकतं.

चौथा म्हणजे आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार. महानगरपालिकेचं पेंच-कन्हानचं पाणी जिथं येतं तिथं त्रास कमी, पण बेसा, मनीषनगर, हिंगणा रोडकडं जे बोअरवर आहेत त्यांच्या नळाखाली पांढरा खडक तयार होतो. त्या क्षारावर पुट्टी लावली तर ती क्षाराला चिकटते, इनॅमलला नाही. अन् क्षार काढायला लोक काय करतात, संडास साफ करायचं निळं लिक्विड टबात ओततात. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. एकदा ओतलं की क्षार जातो पण इनॅमलची वरची चमक पण जाते, पृष्ठभाग सूक्ष्म खरखरीत होतो, खरखरीत जागेवर पुढच्या वेळी क्षार जास्त घट्ट बसतो, मग अजून अ‍ॅसिड. आमच्या धरमपेठेतल्या आत्या दर दिवाळीला हेच करायच्या, ‘‘एकदा ओतलं की वर्षभर बघायला नको’’ म्हणत. आज त्या टबात पाण्याची रेघ आहे त्याच्याखाली सगळं खडूसारखं झालंय. नुसता पॅच मारून आता भागणार नाही, अख्खाच करावा लागेल.

क्षार काढायचा तर लिंबूसत घ्या, किराणा दुकानात मिळतं. कोमट पाण्यात चमचाभर, फडकं भिजवून क्षारावर ठेवा, थोड्या वेळानं लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, परत ठेवा, शेवटी भरपूर पाण्यानं धुवा. आधी कोपऱ्यात बघा, कारण जुनी इनॅमल सगळीच अ‍ॅसिडपुढं टिकते असं नाही, लिंबूसतानं पण मंद पडू शकते जर तासन्तास ठेवलं तर. गंजाचा नुसता डाग असेल, खड्डा नसेल, तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडवालं क्लीनर चालतं, ते फरशी पॉलिशवाले वापरतात, पण हातमोजे घाला अन् लहान मुलांपासून लांब ठेवा, ते विषारी आहे.

सगळं साफ झाल्यावर टवक्याच्या बाहेर बोटभर जागा ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं पाणी लावून घासा, चमक जाईपर्यंत. खड्ड्याच्या उभ्या कडा डायमंड फाइलनं किंचित तिरक्या करा, म्हणजे पुट्टी उतारावर बसते अन् कडेला कागदासारखी पातळ होत नाही. पातळ कडा हाच पॅचचा सगळ्यात कमजोर भाग, तिथूनच पाणी शिरतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, एका बाजूनं ओलं फडकं, लगेच दुसरं कोरडं. त्यानंतर बोटं लावायची नाहीत. नुसतं बोट फिरवून ‘‘बघू गुळगुळीत झालं का’’ केलं तरी तेल लागतं, काऊन लावता बाप्पा.

इनॅमल कोरडी घासू नका, हे वेगळं सांगतो. जुन्या टबांच्या इनॅमलमध्ये शिसं असू शकतं, कोरडी धूळ नाकात जाते, घरात पसरते. ओलं घासा, मास्क लावा, चिखल ओल्या फडक्यानं पुसून पिशवीत भरून टाका, मुलांना त्या दिवशी बाथरूमच्या आसपास येऊ देऊ नका.

तिसरी खूण, तुकडा मागून चिकट, नख रुततं, कडक झालेलाच नाही. म्हणजे दोन भाग बरोबर मिसळले नाहीत, किंवा थंडीत लावलं. दोन कांड्या समान घ्यायच्या असतील तर डोळ्यानं नाही, पट्टीनं मोजून कापा, अन् रंगाच्या रेघा संपून एकच रंग दिसेपर्यंत मळा. द्रव इपॉक्सी असेल तर डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते बघा, दोन्ही वेगळं निघतं. ‘‘थोडं हार्डनर जास्त टाका, लवकर वाळेल’’ हा सल्ला पेंटवाले सर्रास देतात, तो इपॉक्सीला लागू नाही, जास्तीचं हार्डनर तसंच उरतं अन् पॅच मऊ राहतो.

चौथी, पॅच मधोमध तडकला, दोन तुकडे झाले. हे पत्र्याच्या हलक्या टबात होतं. खाली पोकळ असतं, माणूस उभा राहिला की तळ दबतो, काच अन् पुट्टी दबत नाही. टबात गुडघा टेकवून वजन द्या अन् टवक्याकडं बघत राहा, हलताना दिसलं किंवा टक आवाज आला तर कितीही चांगला पॅच टिकणार नाही, आधी खाली आधार द्या. बाजूची फरशी किंवा पॅनल उघडता येत असेल तर खालून वाळू-सिमेंटचा गिलावा किंवा पीयू फोम भरून घ्या, अन् फोम फुगत असताना टब पाण्यानं भरलेला ठेवा, नाहीतर फोम टबालाच वर उचलतो.

वेस्ट कपलिंग, म्हणजे पाणी जायच्या भोकात बसवलेली फिटिंग, तिच्या भोवतीचे टवके पण याच जातीचे. प्लंबर पाना लावून पिळत जातो, रबरी वॉशर आधीच कडक झालेला असतो, कडेची काच तडकते. कपलिंग काढून नवीन वॉशर, अन् हातानं घट्ट करून फक्त थोडा पाना, बस. भोकाच्या कडेचा गंज कपलिंग न काढता कधीच निघत नाही, त्यामुळं तिथला पॅच परत परत निघत असेल तर कारण शोधायला लांब जाऊ नका.

गरम पाण्याचंही एक आहे. साधी इपॉक्सी लोखंडापेक्षा चार-पाच पट जास्त फुगते-आकसते, भरणी घातलेली पुट्टी त्याहून कमी, पण तरी जास्तच. गीझरचं साठ-पासष्ट डिग्रीचं पाणी हिवाळ्यात थेट पॅचवर सोडलं की रोज तो थोडा ओढला जातो. आधी गार, मग गरम. अन् नळ गळत असेल तर आधी नळाचा वॉशर बदला, मग टबाला हात लावा. थेंब थेंब पडणाऱ्या पाण्याखाली पॅच वाळवायचा प्रयत्न करणारे लोक मी पाहिलेत, नळाला कापड बांधून.

आता आपल्या हवेबद्दल, कारण डब्यावरच्या सूचना २५ डिग्रीसाठी लिहिलेल्या असतात अन् नागपूर वर्षातून फार थोडा वेळ २५ डिग्रीला असतं. ढोबळ हिशोब असा की तापमान दहा डिग्री वाढलं की इपॉक्सी दुप्पट वेगानं धरते. डब्यावर ३० मिनिटं लिहिलंय तर ३५ डिग्रीला १५, अन् मे महिन्यात बाथरूम ४५ च्या आसपास गेलं की सात-आठ मिनिटं. म्हणून उन्हाळ्यात थोडंथोडं मिसळा अन् वाटीत ढीग करून ठेवू नका, ढीग स्वतःच्याच उष्णतेनं तापून अजून लवकर दगड होतो, जुन्या टाइलवर पसरवून ठेवा. शक्यतो सकाळी सहा-सातला करा.

अन् कुलर. हे फार जणांच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात बाहेरची हवा कोरडी असते म्हणून वाटतं काम छान होईल, पण घरात डेझर्ट कुलर चालू असतो, तो दिवसभर घरात ओलावा फेकतो, बाथरूमचं दार उघडं असेल तर तिकडंही. पॅच लावायच्या दिवशी दार बंद, एक्झॉस्ट चालू, कुलर दुसऱ्या खोलीत. ओलाव्यात काही इपॉक्सीवर मेणचट पातळ थर येतो, बोटाला चिकट लागतो. त्यावरच दुसरा थर मारला तर दुसरा थर निघतो अन् पहिला जागेवर, म्हणजे उलटा केलेला तुकडा दोन्हीकडून पुट्टीचाच दिसतो. तो थर साध्या पाण्यानं अन् स्क्रबरनं धुतला जातो, मग वाळवून, घासून पुढचा थर.

पावसाळ्यात तर बीड घाम येतो तसं ओलं होतं, विशेषतः सकाळी. डोळ्याला दिसत नाही, टिश्यू पेपर दाबून बघा. रंगकामातला नियम आहे की धातू दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी त्याच्यावर जमायला लागतं त्यापेक्षा, किमान तीन डिग्री गरम पाहिजे. आपल्या घरी सोपं म्हणजे हेअर ड्रायरनं किंवा जवळ ठेवलेल्या जुन्या पिवळ्या बल्बनं धातू कोमट करून मग लावा. पण मला विचाराल तर जुलै-ऑगस्टमध्ये हे काम करूच नका. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं तापमान दहाच्या पण खाली जातं, तेव्हा इपॉक्सी धरतच नाही, दुपारी करा. सगळ्यात छान दिवस म्हणजे दिवाळीनंतरचा नोव्हेंबर अन् फेब्रुवारी.

भरताना एकदम काठोकाठ भरू नका. पहिला थर खड्ड्याच्या थोडा खाली, प्लास्टिकच्या कार्डानं दाबून, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत. वाळला की दुसरा, किंचित वर. मग ३२० नंबरच्या पेपरनं घासून सपाट करा, ६०० नंबरच्यानं गुळगुळीत. वरून टचअप ब्रशनं पातळ दोन-तीन हात. इपॉक्सी उन्हानं पिवळी पडते, खिडकीजवळच्या टबात हे लवकर दिसतं, म्हणून वरचा थर पीयू किंवा अ‍ॅक्रिलिकचा ठेवा. रंग जुळवायचा असेल तर लक्षात घ्या जुना पांढरा हा पांढरा नसतोच, थोडा साईसारखा नाहीतर हिरवट असतो. पेंटच्या दुकानात स्टेनरच्या छोट्या बाटल्या मिळतात, पिवळा अन् तपकिरी, काडीच्या टोकानं एकेक ठिपका मिसळा, कार्डवर लावून वाळू द्या अन् मग टबाजवळ धरून बघा, ओला रंग फसवतो.

हाताला कोरडं लागलं म्हणजे झालं नाही. पाणी सोडायला डब्यावर जितके दिवस लिहिलेत तितके थांबा, बहुतेक इपॉक्सीला पूर्ण पक्कं व्हायला आठवडाभर लागतो. एकच बाथरूम असलेल्या घरात हे अवघड आहे, माहीत आहे, पण तेवढे दिवस बादलीनं टबाबाहेर आंघोळ करा. नाहीतर पॅच पुढच्या वर्षी परत काढायची तयारी ठेवा.

अख्खा टब रंगवायचा असेल तर ते वेगळंच काम आहे. टू-के, म्हणजे दोन भाग मिसळायचा, इपॉक्सी किंवा पीयूचा सेट, कपलिंग अन् सगळं सिलिकॉन काढून, पूर्ण पृष्ठभाग मंद करून, काचेवर पकड देणारा सिलेनवाला प्रायमर लावून, फोम रोलरनं पातळ थर. स्प्रे गननं घरात करू नका. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याच्या फवाऱ्यानं दमा लागू शकतो अन् एकदा लागला की मागे फिरत नाही. रोलरनं करतानाही कोळशाच्या फिल्टरवालं मास्क पाहिजे, एन-९५ धूळ अडवतं, वाफ नाही. जुना रंग काढायला पेंट रिमूव्हर आणणार असाल तर डब्यावर मिथिलीन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर परत द्या. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती टबात साचते अन् काम करणाऱ्याचं डोकं नेमकं टबात वाकलेलं असतं. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टब रंगवणारे १३ कामगार यानं मेल्याची सरकारी नोंद आहे, अन् ते रोज हेच काम करणारे लोक होते.

रंगवलेल्या टबात खालच्या चकत्यांनी घट्ट चिकटून बसणारी रबरी चटई टाकू नका, ती उचलताना रंग घेऊन येते. घासायला मऊ स्पंज अन् भांड्याचं लिक्विड, हिरवा स्क्रबर नाही, पावडर नाही. असा टब मूळ इनॅमलइतका कधीच टिकत नाही, काही वर्षांनी परत करावा लागतो हे धरूनच खर्चाचा विचार करा. बीड चांगलं असेल तर माझ्या मते वर्थ आहे, पत्र्याचा टब असेल तर नवीन घेतलेला बरा.

काही जागी मात्र हात घालूच नका. इनॅमलची भांडी, ती निळ्या काठाची पातेली अन् चहाचे मग, आतून टवका गेला की स्वयंपाकातून बाद. पुट्टी भरून त्यात दूध तापवायचं नाही, इपॉक्सी तापली की मऊ पडते अन् अन्नात जाते, शिवाय जुन्या लाल-पिवळ्या-केशरी इनॅमलमध्ये कॅडमियम असू शकतं. सदाफुली लावा त्यात. गॅसच्या शेगडीच्या जाळीवरची इनॅमल पण इपॉक्सीनं होत नाही, आचेपुढं टिकत नाही, ती जाळी बदलून मिळते. गीझरच्या टाकीत आतून काच असते, ती तडकली तर घरी काही होत नाही, पण ती वाचवायला आत मॅग्नेशियमची कांडी असते, बोअरच्या पाण्यात ती लवकर संपते, सर्व्हिसवाला आला की उघडून दाखवायला लावा.

अन् ज्यांच्या जुन्या घराच्या दारावर इनॅमलची नंबरपाटी आहे त्यांनी ती रंगवू नका, लोहाओळीत भंगारमध्ये पण देऊ नका. टवक्यापुरतं कन्व्हर्टर लावा, वाळवा, वरून साधं मेण घासा, वर्षातून एकदा परत. त्या पाटीला कोणी पाणी सोडत नाही, त्यामुळं तिथं एवढंच पुरतं.